आडवा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घरातली माणसं मला 'दार' म्हणतात, पण मी स्वतःला दरवाजाच म्हणवून घेतो, तेवढाच रुबाब. आता तुम्ही म्हणाल, दरवाज्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार? उघडला, लागला, पुन्हा उघडला. तर तसं नाही. माझ्या अंगावर विमानं तयार होतात. आकारानं लहान, हे मान्य. पण जमिनीवरच्या माणसानं रिमोटची दांडी हलवली की आभाळात वळणारी, गिरकी घेणारी आणि परत येऊन चाकांवर उतरणारी खरीखुरी विमानं.

माझा जन्म नांदेडचा. चांगले सुकवलेले लाकडाचे ठोकळे एकमेकांना खेटून बसवले, वरून पातळ प्लाय चिकटवला आणि मला दाबात ठेवलं. बाहेर आलो तो इतका सपाट की कारागिरानं माझ्यावरून तळहात फिरवला आणि शेजारच्याला हाक मारून दाखवलं. मी कुणाच्या तरी न्हाणीघराला लागणार होतो. न्हाणीघर तर न्हाणीघर! मला बिजागऱ्या मिळणार होत्या, कडी मिळणार होती. कुणीतरी माझ्यावर टकटक करणार आणि आतून आवाज येणार, "कोण हाय?" दरवाज्याला याहून जास्त काय हवं असतं?

पण माप घेणाऱ्या माणसाचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. चौकटीत उभा केला तर मी खालून वीतभर नाही, पण चांगला उभा पंजा जाईल एवढा आखूड! घरमालक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ह्या बंद दारातनं मांजर शेपूट वर करून जाईल की." सगळे हसले. मला परत पाठवलं आणि दुकानाच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे माझ्यावर धूळ बसली, कोळ्यानं जाळं विणलं. मी फार खिन्न झालो होतो.

एके दिवशी दुकानात वीरभद्र अण्णा आले. रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला असलेले, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारे गृहस्थ. आले होते प्लायचा तुकडा घ्यायला आणि नजर गेली माझ्यावर. त्यांनी रुमालानं माझी धूळ पुसली, पिशवीतून स्टीलची लांब पट्टी काढली, ती माझ्यावर उभ्या धारेनं ठेवली आणि एक डोळा मिटून खाली उजेड दिसतो का ते पाहिलं. उभी ठेवली, आडवी ठेवली, तिरपी ठेवली. उजेड कुठेच दिसेना.

"हे दार न्हाई," ते दुकानदाराला म्हणाले, "हे साचलेलं पाणी हाय नुसतं, इतकं सपाट."

माझं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मला रिक्षाच्या टपावर बांधून घरी नेलं. दारातच त्यांच्या पत्नी उमाबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे पाहिलं.

"घराला एक दार हाय की. दुसरं कुठं लावून राहिलात?"

"लावायचं न्हाई गं. आडवं करायचं हाय."

आणि खरंच, मला दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकला. मला वाटलं, झालं, दरवाज्याचा जन्म घेऊन आपण टेबल झालो. पण कामाला लागलो आणि कुरकुर करायला वेळच उरला नाही.

विमान कसं बनतं ते तुम्हाला सांगतो. आधी माझ्यावर नकाशाचा मोठा कागद पसरायचा. त्यावर बाल्साच्या, म्हणजे कापसासारख्या हलक्या लाकडाच्या, काड्या मांडायच्या. त्या हलू नयेत म्हणून माझ्या अंगात टाचण्या टोचायच्या. मग फासळ्या उभ्या करायच्या, थेंब थेंब गोंद सोडायचा आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. पंख ज्या फळीवर सुकतो तिचाच आकार घेतो. फळी सरळ तर पंख सरळ. फळीला जरा जरी पीळ असला तर तोच पीळ पंखात उतरतो आणि मग असं विमान आभाळात गेलं की एका अंगाला कलंडतं. म्हणून माझं महत्त्व. टाचण्यांनी माझी चाळण झाली, पण मी कधी एका केसाइतकाही वाकलो नाही.

संध्याकाळी मी अण्णांचा, पण दुपारी उमाबाईंचा. त्या ब्लाऊज शिवायच्या. कापड माझ्यावर पसरून खडूच्या रेघा मारायच्या आणि कात्री चालवायच्या. एकदा मोठी गंमत झाली. उमाबाईंनी बाहीच्या मापाचा खाकी कागद माझ्यावर तसाच ठेवला. संध्याकाळी अण्णा आले आणि नकाशातला तुकडा समजून त्यांनी त्या बाहीवरून विमानाचं शेपूट कापलं. विमान तयार झालं तेव्हा उमाबाईंनी शेपटाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून त्या खाली बसल्या.

"अहो, ही तर कमलम्माच्या ब्लाऊजची बाही हाय!"

ते विमान उडालं, आणि छान उडालं. तेव्हापासून त्याचं नावच 'कमलम्मा' पडलं. खऱ्या कमलम्मांना हे कुणी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

विमानाच्या पंखांवर प्लॅस्टिकचा रंगीत कागद चढवायचा तर तो इस्त्रीनं ताणून बसवावा लागतो. ते काम उमाबाईंचं. सुरकुती म्हणून राहायची नाही. मात्र विमान उडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "उन्हातान्हात वर बघत कोण उभं राहावं? मला तिकडं नका नेऊ," असं म्हणायच्या. मला वाटतं, पडलं तर बघवणार नाही, हे खरं कारण होतं.

अण्णा निवृत्त झाले आणि दोघांनी लातूरला, आपल्या गावाकडे, छोटंसं घर बांधलं. त्या घरात एक खोली फक्त विमानांची! खिडकी उत्तरेला, भिंतीला हत्यारांचे खिळे. अण्णा तर लहान मुलासारखे खूश. आणि उमाबाईंच्या मनात एक गुपित होतं. त्यांनी तिथल्या रामलिंग सुताराला सांगून त्या खोलीसाठी एक नवं कोरं टेबल बनवून घेतलं होतं. जाड पाय, वर चकचकीत प्लाय, खाली खण. आयुष्यभर नवऱ्यानं मोडक्या दारावर काम केलं, आता तरी साजेसं टेबल असू दे, ही त्यामागची माया.

सामान टेम्पोतून गेलं, मीही गेलो. उमाबाई टेम्पोसोबत पुढे आल्या. अण्णा मात्र मागे राहिले, कारण विमानं टेम्पोत घालायला त्यांचा जीव होईना. ती त्यांनी मांडीवर घेऊन दुसऱ्या दिवशी आणायची ठरवली होती. इकडे वास्तुशांतीचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचाच निघाला, अण्णा पोचायच्या आधीचा. आणि विमानांच्या खोलीला दारच नाही! मागवलेलं दार आलंच नव्हतं.

"उघड्या चौकटीची पूजा कशी करावी, रामलिंग?" उमाबाई काळजीत पडल्या.

रामलिंगनं इकडे तिकडे पाहिलं. सामानात मी भिंतीला टेकून उभा. त्याचा चेहरा उजळला.

"अव्वा, अण्णांनी दार आणलंच हाय की! मला बोलले न्हाईत."

उमाबाईंनाही वाटलं, नव्या टेबलामुळे हे आता रिकामंच आहे, लागू दे. आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात जे कधी घडणार नाही असं मी धरून चाललो होतो ते तासाभरात घडलं. रामलिंगनं मला बिजागऱ्या ठोकल्या, कडी बसवली आणि चौकटीत उभं केलं. खालून आखूड होतोच, पण त्या दिवशी कोण बघतंय! सकाळी पूजा सांगायला स्वामी आले. त्यांनी माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, उमाबाईंनी हळद-कुंकू लावलं, वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मी इतका फुगलो की चौकटीत घासायलाच लागलो.

दुपारी अण्णा आले. मला असा उभा पाहून ते क्षणभर थांबले. काही बोलणार होते. तेवढ्यात उमाबाईंनी त्यांचा हात धरून आत नेलं आणि टेबलावरची चादर ओढली. अण्णांनी टेबलावरून हात फिरवला. पट्टी काढली, धारेवर ठेवली, डोळा मिटला. टेबल सरळ होतं.

"लई भारी झालं गं," ते म्हणाले, आणि माझ्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

मला वाईट वाटलं नाही. मी दरवाजा झालो होतो ना! माझं एक तोंड खोलीत आणि एक ओसरीकडे. आतलंही दिसायचं आणि बाहेरचंही.

त्या नव्या टेबलावर अण्णांनी आजवरचं सगळ्यात मोठं विमान करायला घेतलं. एवढे लांब पंख त्यांनी कधी केले नव्हते. हे काम चालू असतानाच उन्हाळा तापला. लातूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. टेबलाच्या सांगाड्याचं लाकूड कच्चं होतं. ते वाळत गेलं आणि आवळत गेलं. टेबलाच्या एका कोपऱ्यानं हळूहळू उचल खाल्ली. इतकी थोडी की उभ्या माणसाला दिसू नये. मला मात्र समोरून दिसत होती. मी दिवसभर दुसरं काय बघत होतो? पण दरवाज्याला जीभ नसते. मी वाऱ्यावर कुरकुरून पाहिलं, तर अण्णांनी उठून माझ्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

अण्णांनी पट्टी पुन्हा लावली नाही. पहिल्या दिवशी सरळ होतं, आणि ते उमाबाईंनी दिलेलं होतं. त्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

औशाच्या रस्त्याला शेषेराव म्हणून शेतकरी होते. हरभरा निघाला की त्यांचं रान मोकळं असायचं आणि तिथे अण्णा विमान उडवायला जात. विमान तयार झालं आणि भल्या पहाटे अण्णा ते घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तुकड्यांचं पोतं होतं. विमान वर चढताच डाव्या अंगाला कलंडलं, सावरलं नाही आणि शेजारच्या नांगरटीत घुसलं.

अण्णांनी हार मानली नाही. नवा पंख केला, त्याच टेबलावर. तोही तसाच पडला. या वेळी पोतं घेऊन शेषेराव स्वतः मोटारसायकलवर आले.

"अण्णा, वारं आडवं होतं," शेषेराव समजूत घालत म्हणाले. "दुसरं बनवा की. रान काय पळून जायलंय का?"

"वारं न्हाई, शेषेराव." अण्णांनी आपले दोन्ही हात पुढे केले. "हे बघा, बोटं थरथरून राहिलीत. चाळीस वर्षं हात सरळ चालला, आता गेला. हातच गेला माझा."

शेषेरावांनी पोतं ओसरीवर ठेवलं. चहा न घेताच गेले. अण्णा खोलीत आले आणि त्यांनी मला आतून कडी घातली.

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा दरवाज्याचं खरं काम मिळालं. थोड्या वेळानं उमाबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्यावर टकटक केलं. ज्या टकटकीची मी दुकानाच्या मागे धूळ खात वाट पाहिली होती, तीच. पण आतून "कोण हाय?" असा आवाज आला नाही.

"अहो, चहा आणलाय. दार उघडा की."

अण्णा आत टेबलाशी मान खाली घालून बसले होते.

"काय करून राहिलात आत? बोला तरी."

बाहेर उमाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आत अण्णांच्याही. मला दोन्ही दिसत होतं आणि त्या दोघांच्या मधोमध मीच उभा होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मग उमाबाई खाली वाकल्या आणि माझ्या खालच्या फटीतून त्यांनी कपबशी आत सरकवली. माझ्या आखूडपणाचा तेवढाच एक उपयोग झाला. अण्णांनी चहा घेतला, पण कडी काढली नाही.

पुढचे काही दिवस असेच गेले. अण्णांनी हत्यारं पुसून खोक्यात भरायला घेतली. रिमोट, मोटारी, उरलेला बाल्सा, सगळं एखाद्या कॉलेजच्या पोरांना देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं. "टेबल आता तुला घे, कापड कापायला," असं उमाबाईंना म्हणाले आणि खोकी बांधायला सुतळी आणायला बाजारात गेले.

उमाबाई आत आल्या. कुणाचं तरी कापड घेऊन आल्या होत्या, पण कापायची इच्छा कुणाला होती? त्यांनी कापड पसरलं आणि शेजारी दोऱ्याचं रीळ आडवं ठेवलं. रीळ हळूच निघालं, घरंगळत गेलं आणि खाली पडलं. त्यांनी उचलून पुन्हा ठेवलं. ते पुन्हा निघालं. उमाबाई थबकल्या. मग खोक्यात हात घालून त्यांनी अण्णांची स्टीलची पट्टी बाहेर काढली, वर्षानुवर्षं पाहिलं होतं तशी टेबलावर तिरपी उभी धरली आणि एक डोळा मिटला.

पट्टीखालून उजेडाची रेघ चमकली. मी तर आनंदानं कडीसकट खडखडलो.

अण्णा सुतळी घेऊन आले तेव्हा उमाबाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पट्टी.

"हात गेला म्हणून सांगून राहिलात ना? या इकडं. ही पट्टी टेबलावर धरून बघा खालनं."

अण्णांनी पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ह्याला तर पीळ पडलाय!"

"पडलाय. माझ्या टेबलाला पडलाय. आणि तुम्ही स्वतःच्या हाताला बोल लावत बसलात. एकदा तरी पट्टी लावून बघायची न्हाई का?"

"तू दिलेलं टेबल वाकडं असंल, हे डोक्यातच आलं न्हाई गं."

उमाबाईंना रागवायचं होतं, पण त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. मग त्यांनी थेट माझ्याकडे बोट केलं.

"ते दार उतरवा."

"अगं, पूजलेलं हाय ते. स्वामींनी विभूती लावलीय."

"विभूती तर माणूसही कपाळाला लावतो. म्हणून माणसानं कामाला जायचंच न्हाई का?"

रामलिंगला फोन गेला. तो आला, टेबलाचा कोपरा दाबून त्यानं जीभ चावली आणि लाकूड वाळवून पुन्हा जोडून देतो म्हणाला. मग त्यानं माझ्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. उभं राहण्याची चटक लागली होती. पण त्या बंद कडीची आठवण आली आणि मी मुकाट्यानं आडवा झालो. अण्णांनी माझ्यावर पट्टी ठेवली. उभी, आडवी, तिरपी. मग नुसतीच मान हलवली आणि टाचण्यांची डबी उघडली.

नवा पंख माझ्यावर तयार झाला. या वेळी उमाबाई नुसत्या इस्त्रीपुरत्या आल्या नाहीत. फासळ्या धरायलाही बसल्या. आणि उडवायच्या दिवशी पहाटे, पायात चपला सरकवून, "मीपण येते," म्हणाल्या. दोघं गेली. मी रिकाम्या खोलीत वाट पाहत राहिलो. पोतं येतं की विमान?

आधी शेषेरावांचा आवाज आला. ते रस्त्यावरूनच सांगत होते, "घार बाजूला सरली, वहिनी! म्या डोळ्यांनी पाहिलं!" मग उमाबाईंचं हसणं. मग अण्णा आत आले आणि त्यांनी सबंध विमान माझ्यावर ठेवलं. चाकांना हरभऱ्याचा भुसा चिकटला होता, मोटार अजून गरम होती. उमाबाईंची मान वर बघून बघून अवघडली होती, तरी त्या बोलायच्या थांबेनात.

सगळे चहाला ओसरीवर गेले. अण्णा एकटे मागे राहिले आणि त्यांनी आपला हात पसरून माझ्यावर ठेवला. मित्रांनो, तो हात थरथरत होता. वय झालं होतं, ते खोटं नव्हतं. पण तेवढी थरथर टाचणीला चालते, गोंदाला चालते, रिमोटलाही चालते. खालची फळी तेवढी सरळ लागते.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात कुणाचं काम बिघडायला लागलं, तर "आता तुमच्यानं होत नाही" असं म्हणण्याआधी त्यांच्या हाताखाली काय आहे ते वाकून बघा. आणि ते स्वतःच तसं म्हणत असतील, तर आणखी खाली वाकून बघा. जुन्या वस्तूंनाही जपा. निदान आमच्यावर ओले पेले ठेवू नका, फार विनंती आहे.

कधी लातूरला आलात तर आमच्याकडे जरूर या. खोलीच्या चौकटीला आता नुसता पडदा आहे, नांदेडहून कमलम्मांनी पाठवलेल्या जुन्या लुगड्याचा. तो बाजूला सारा आणि सरळ आत या.